एमपीथ्री आणि फ्लॅक: लहान दोन्ही होतात, मूळ आवाज एकातूनच परत मिळतो

घरातल्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन ठेवलेले लोक एक प्रश्न हमखास विचारतात: ‘गाणी एमपीथ्रीत आहेत. आता तीच फ्लॅकमध्ये बदलून घेतली तर आवाज सुधारेल ना?’ नाही सुधारणार. फक्त फाईल फुगेल. एमपीथ्री आणि फ्लॅक या आवाजाची फाईल लहान करण्याच्या दोन पद्धती. असं का होतं, हे कळायला त्या आवाजाचं काय करतात ते पाहायला हवं.

सीडीच्या दर्जाच्या आवाजात लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. प्रत्येक मोजमाप १६ बिटचं (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक) आणि चॅनल डावा-उजवा असे दोन, म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. मिनिटाला साधारण १० एमबी झाले. दोन्ही पद्धतींना हेच ओझं कमी करायचं असतं.

फ्लॅक गणिताच्या वाटेने जाते. मागच्या काही मोजमापांवरून पुढचं मोजमाप किती येईल याचा ती अंदाज बांधते आणि अंदाज व खरा आकडा यांतला फरक तेवढा लिहून ठेवते. फरक लहान असला की त्याला बिटही कमी पुरतात. ऐकताना तोच अंदाज पुन्हा बांधून त्यात फरक मिळवला की मूळ आकडा जसाच्या तसा हजर. फाईल बहुतेक वेळा मूळच्या निम्म्याच्या आसपास येते, पण नेमकी किती हे आवाजच ठरवतो. शांत, सलग सुरांचा अंदाज चांगला लागतो. जुन्या टेपच्या खरखरीचा लागत नाही, म्हणून खरखर जितकी जास्त तितकी फाईल मोठी. फ्लॅकला गाणं आणि खरखर यांत भेद कळत नाही. ती दोन्ही सारख्याच निष्ठेने जपते.

एमपीथ्रीत हिशेब उलटा आहे. तिथे सहसा आकार आधी ठरतो, उदाहरणार्थ सेकंदाला १२८ किलोबिट, आणि मग तेवढ्यात काय बसवायचं ते पाहिलं जातं. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीच्या घडणीत मोठा वाटा उचलला. त्यांनी आधार घेतला तो माणसाच्या कानाच्या मर्यादांचा. एखादा सूर जोरात वाजत असला की त्याच्या जवळच्या पट्टीतला क्षीण आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मोठ्या आघातानंतर क्षणभर बारीक आवाज निसटतात. एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे पाडते, प्रत्येकातल्या वेगवेगळ्या कंपनसंख्या सुट्या करते आणि जिथे कानाला कळणार नाही तिथले आकडे ढोबळ करते किंवा टाकूनच देते. जे टाकलं त्याची नोंद कुठेच राहत नाही.

कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला थोडेच बिट दिले की, ही काटछाट उघडी पडते, आणि ती ऐकायची तर तबला ऐकावा. तुकड्याच्या मधोमध ‘ना’ची कडक थाप आली तर ढोबळपणातून झालेला दोष पूर्ण तुकड्यावर पसरतो आणि थापेच्या आधीच पुसटशी सळसळ ऐकू येते. असा आघात दिसताच तुकडे आणखी लहान करण्याची सोय एमपीथ्रीत आहे, पण बिट अपुरे असले की तीही कमी पडते.

तरीही एमपीथ्रीला नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. ३२० किलोबिटची नीट बनवलेली फाईल आणि फ्लॅक यांतला फरक, कुठली कोणती हे न सांगता ऐकवलं, तर बहुतेकांना ओळखता येत नाही. प्रवासात ऐकायला ती उत्तम आहे. अडचण साठवणीची आहे. एमपीथ्रीतून फ्लॅक केली तर काटछाट झालेला आवाजच काटेकोरपणे जपला जातो. एमपीथ्री कापून, जोडून पुन्हा एमपीथ्री केली तर नवी काटछाट जुन्यावर चढते.

म्हणून कॅसेट अजून चालत असेल तर ती पुन्हा वाजवा आणि थेट फ्लॅकमध्ये घ्या. फोनसाठी एमपीथ्री त्यातूनच बनवा. खरखर काढायचा मोह झाला तरी न साफ केलेली प्रत वेगळी ठेवाच, कारण उद्या साफसफाईची याहून चांगली साधनं येतील. साठ मिनिटांच्या कॅसेटचा मूळ आवाज सुमारे ६३५ एमबी होतो. फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक धरला तरी ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर दीडशे कॅसेट मावतात. शिवाय मूळ आवाजावरून काढलेला एक तपासणी-आकडा फ्लॅकच्या फाईलमध्येच असतो. त्यामुळे काही वर्षांनी फाईल कुठे बिघडली आहे का, हे सगळं ऐकत न बसता सॉफ्टवेअरकडून तपासून घेता येतं.