पॅनेलमधलं ‘जर्मन’ : पार्श्वभूमी

नागपूरजवळच्या बुटीबोरीत एलसीडी पॅनेलचा (टीव्ही-मोबाइलच्या पडद्यांचा) मोठा कारखाना येणार, ही घोषणा २०१६ची. कारखाना आला नाही, शब्द मात्र आले. त्यातला ‘अ‍ॅनोडायझिंग’ सगळ्यात गोंधळाचा, कारण तालुक्याला स्लायडिंग खिडक्या करणारेही तोच वापरतात. धातू एकच, अ‍ॅल्युमिनियम, आपण ज्याला जर्मन म्हणतो तो. रीतही एकच: अ‍ॅल्युमिनियम पॉझिटिव्हला जोडून द्रावणात बुडवलं की ऑक्साइड चढतं. पण खिडकीचं काम सल्फ्युरिक अ‍ॅसिडात होतं. थर सच्छिद्र येतो आणि त्या छिद्रांत रंग भरतात. पॅनेलमध्ये छिद्र म्हणजे शॉर्ट. तिथलं द्रावण टार्टारिक आम्लाचं, पण जवळपास उदासीन केलेलं. त्यात थर घट्ट बसतो आणि जाडी व्होल्टेजवर ठरते. १५० व्होल्टला साधारण २०० नॅनोमीटर. ‘मुद्दाम चढवलेला गंज’ असं सांगून पाहिलं. पण आपल्याकडे विदर्भात गंज म्हणजे भांडं, आणि जर्मनचा गंज घरोघरी. खुलाशाने घोळ वाढलाच.

सुरुवातीच्या पॅनेलांत गेटच्या आडव्या रेषा, म्हणजे ठिपक्यांचे स्विच चालू-बंद करणाऱ्या तारा, क्रोमियम किंवा टँटॅलमच्या असत. पडदे मोठे झाले तसा त्यांचा रेझिस्टन्स नडू लागला. अ‍ॅल्युमिनियमचा क्रोमियमच्या जेमतेम पाचवा हिस्सा. मात्र पुढचा थर देताना काच ३०० अंशांच्या आसपास तापते, आणि अ‍ॅल्युमिनियम काचेच्या पाच-सहा पट प्रसरण पावतं. खिळ्यांनी जखडलेलं टिन मे महिन्याच्या दुपारी फुगतं, तसे या फिल्मवर बारीक उंचवटे उठून वरचा इन्सुलेटर फोडतात. अ‍ॅनोडायझिंगने चढलेली ऑक्साइडची कातडी ते दाबून धरते, शिवाय इन्सुलेटरचं निम्मं काम स्वतःच करते.

मग १९९०च्या दशकात अ‍ॅनोडायझिंगची ही पायरी का गळाली? ‘मिश्रधातू आला म्हणून’ हे उत्तर मला अर्धवट वाटतं. दोन टक्क्यांच्या आसपास निओडिमियम हा धातू मिसळला की उंचवटे आवरतात, आणि तापवल्यावर निओडिमियम कणांच्या कडांना जाऊन बसल्याने रेझिस्टन्सही पुन्हा उतरतो, हे खरं. पण मिश्रधातू अ‍ॅनोडाइज होतोच. दोन्ही एकत्र नांदू शकतात. खरी अडचण वायरिंगची. शेकडो रेषा काठावर एका पट्टीला जोडायच्या, जोडणीची टोकं झाकायची, करंट द्यायचा आणि काम झालं की तीच जोडणी तोडायची. मध्ये एक रेषा तुटकी असली की तुटीपलीकडचा तिचा तुकडा कोराच. म्हणजे एक जादा मास्क (नक्षी उतरवायचा साचा), एक जादा हौद. रसायन चांगलं होतं, हिशेब बसला नाही. पुढे मॉलिब्डेनमचं आवरण आलं, मोठ्या पडद्यांत तांबं आलं.

२०१०नंतर मात्र गाडी पुन्हा त्याच स्टेशनावर. इंडियम, गॅलियम, झिंकच्या ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर कमी तापमानातही करता येतात, आणि वाकणाऱ्या प्लास्टिकच्या बऱ्याच पडद्यांना ३०० अंश सोसवत नाहीत. अ‍ॅनोडायझिंग खोलीच्या तापमानाला होतं, म्हणून त्याच निओडिमियमवाल्या फिल्मवर पुन्हा ऑक्साइड चढवून पाहिलं गेलं. काठावरची जोडणी आणि ती तोडणं मात्र तिथेही सुटलेलं नाही.