बाटलीतला साका

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपण त्यात तुरटी फिरवतो आणि हंडा बाजूला ठेवून देतो. मग त्याला कुणी हात लावायचा नाही. साका तळाशी बसला की वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्यायचं. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या रेंस शहरात फसफसणारी वाइन, म्हणजे शॅम्पेन, करणाऱ्या एका पेढीने मात्र साका बसवण्यासाठी बाटल्या मुद्दाम हलवायला सुरुवात केली.

पेढीचं नाव व्हव क्लिको. फ्रेंचमध्ये ‘व्हव’ म्हणजे विधवा. १७७२ साली फिलिप क्लिकोने ती काढली, तेव्हा घराण्याचा मुख्य व्यवसाय कापडाचा. वाइन हा जोडधंदा. १८०५ मध्ये त्याचा मुलगा वारला. मागे राहिली २७ वर्षांची सून बार्ब-निकोल आणि तिची लहान मुलगी. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्याने लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीवाचून व्यवहार करता येत नसत, विधवेला मात्र येत. म्हणजे पाटीवरचा ‘विधवा’ हा शब्द पेढी चालवणाऱ्या बार्ब-निकोलसाठी धंद्याचा परवानाच होता म्हणा ना!

आता बाटलीत काय चालतं ते पाहू. तयार वाइन बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच घट्ट बसवतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर घातली की आत सहा वातावरणांइतका दाब तयार होतो; मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास तिप्पट. पाऊण लिटरच्या एका बाटलीत सुमारे पाच लिटर वायू कोंबलेला असतो. हे गणित शालों गावच्या फ्रांस्वा नावाच्या औषधविक्रेत्याने १८३० च्या दशकात मांडलं. तोवर साखर अंदाजपंचे पडायची, एक बाटली फुटली की शेजारच्याही फुटायच्या, आणि तळघरातले कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून वावरायचे.

बाटली वाचली तरी प्रश्न उरायचाच. काम संपलेलं यीस्ट मरून साका होतो आणि वाइन गढूळ दिसते. दुसऱ्या बाटलीत ओतून घ्यावी, तर वायू निसटतो आणि सगळा खेळ फुकट. शिवाय साका एका जातीचा नसतो. जड कण पटकन खाली येतात; बारीक, चिकट कण काचेला धरून बसतात.

१८१६ च्या सुमारास बार्ब-निकोल आणि तिचा तळघर-प्रमुख म्युलर यांनी यावर तोड काढली. लाकडी टेबलाच्या फळीला तिरकी भोकं पाडून त्यांत बाटल्या मानेवर उलट्या खोचल्या. (ते टेबल तिच्या स्वयंपाकघरातलं होतं, असं पेढीवाले सांगतात.) तिथे प्रत्येक बाटलीला अधूनमधून हलका झटका देऊन थोडं फिरवायचं आणि मान खालीच ठेवून हळूहळू उभी करत न्यायचं. झटक्याने काचेला चिकटलेला थर सुटतो, घसरणारे जड कण बारीक कणांना सोबत ओढतात, आणि काही आठवड्यांत सगळा साका बुचापाशी गोळा होतो. मग बूच काढलं की आतला दाबच तो बाहेर भिरकावतो. पुढे बाटलीची मान गोठवून साक्याचा बर्फाळ गोळा उडवायची युक्ती आली. आज फिरवण्याचं काम बहुतेक ठिकाणी यंत्रं करतात. आपल्याकडे नाशिकजवळ दिंडोरीलाही बाटलीत फसफसवलेली वाइन होते, पण ‘शॅम्पेन’ हे नाव त्या फ्रेंच प्रांताचं, ते तिला लावता येत नाही.

बाईचा व्यापारी हिशेबही पक्का होता. १८१४ मध्ये नेपोलियनच्या युद्धामुळे बंदरं बंद होती. ती उघडण्याआधीच तिने १०,५५० बाटल्या जहाजावर चढवून रशियाच्या दिशेने धाडल्या. इतर व्यापारी जागे होईपर्यंत तिचा माल पोचलेला.

त्या काळची वाइन प्रत्यक्षात कशी लागायची, याचा पुरावा २०१० मध्ये हाती आला. बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या ऑलँड बेटांजवळ, सुमारे ५० मीटर खोल बुडालेल्या जहाजात १६८ बाटल्या सापडल्या. काहींच्या बुचांवर क्लिकोचा शिक्का होता. १७० वर्षं थंडीत आणि अंधारात पडून राहिलेली वाइन रसायनशास्त्रज्ञांनी तपासली, तर लिटरला साखर निघाली जवळपास १५० ग्रॅम. आजच्या ‘ब्रूट’, म्हणजे कमी गोड शॅम्पेनमध्ये ती १२ ग्रॅमच्या आत असते. पेयापेक्षा पाकच म्हणावा! आणि तरी, पेढीच्या जुन्या पत्रव्यवहारावरून दिसतं, की रशियन गिऱ्हाइकांना याच्याही दुप्पट गोड हवी असे.

चाखणाऱ्यांना पहिला वास आला ओल्या केसांचा आणि चीजचा. पेला थोडा फिरवला, हवा लागली, तेव्हा कुठे धूर, मसाला आणि चामड्याचा गंध वर आला.

२०१४ मध्ये पेढीने त्याच बेटांपाशी ३०० बाटल्या आणि ५० मोठ्या बाटल्या मुद्दाम समुद्रात सोडल्या. त्यांच्या जोडीच्या बाटल्या रेंसच्या खडूच्या तळघरांत ठेवल्या आहेत, आणि अधूनमधून दोन्हीकडच्या काढून शेजारी शेजारी चाखायच्या असं ठरलं आहे.