स्तनाचा कर्करोग: वंश आणि राहणी यांच्या शोधामागील इतिहास

स्तनाच्या कर्करोगाचा धोका कोणत्या स्त्रियांना अधिक असतो, या प्रश्नाचा शोध ख्रिस्ती मठांपासून सुरू झाला. अठराव्या शतकाच्या प्रारंभी इटलीतील पादुआ येथील वैद्यकाचे प्राध्यापक बर्नार्दिनो रामाझिनी यांनी मठांत राहणाऱ्या नन स्त्रियांमध्ये हा आजार इतरांपेक्षा अधिक आढळतो, असे नोंदवले. पुढे १८४२ मध्ये दोमेनिको रिगोनी-स्टेर्न यांनी वेरोना शहरातील १७६० ते १८३९ या काळातील मृत्युनोंदी तपासल्या, तेव्हा आकड्यांतूनही तेच दिसले. त्यामागचे कारण मात्र दीर्घकाळ अज्ञात राहिले. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये अंडाशय काढल्यावर काही रुग्णांच्या स्तनातील गाठी आक्रसतात, असे दाखवले. अंडाशयातून स्रवणाऱ्या संप्रेरकांशी (हार्मोन्सशी) या आजाराचे नाते आहे, हे त्यातूनच हळूहळू स्पष्ट होत गेले.

या विषयाला शास्त्रीय शिस्त लावण्याचे श्रेय जॅनेट लेन-क्लेपन या ब्रिटिश डॉक्टर स्त्रीला द्यावे लागेल, आणि ते जितके मिळायला हवे होते तितके मिळालेले नाही. १९२६ मध्ये त्यांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या ५०० आणि न झालेल्या ५०० स्त्रियांची पद्धतशीर तुलना केली. उशिरा झालेले लग्न, कमी अपत्ये आणि अल्पकाळ स्तनपान या गोष्टी रुग्ण स्त्रियांमध्ये अधिक आढळल्या. रुग्ण आणि निरोगी व्यक्ती समोरासमोर ठेवून कारण शोधण्याची ही रीत पुढे साथरोगशास्त्राचा, म्हणजे लोकसमूहांतील आजारांचा प्रसार आणि कारणे अभ्यासणाऱ्या शास्त्राचा, कणा ठरली. साथरोगतज्ज्ञ ब्रायन मॅकमहॉन यांच्या १९७० मधील आंतरराष्ट्रीय अभ्यासाने त्यात महत्त्वाची भर घातली: निव्वळ अपत्यसंख्येपेक्षा पहिल्या बाळंतपणाचे वय निर्णायक असते, आणि पहिले अपत्य अठराव्या वर्षाआधी झालेल्या स्त्रियांचा धोका पस्तिशीनंतर ते झालेल्या स्त्रियांच्या सुमारे एक तृतीयांश असतो.

मुंबईचा या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये येथे लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी, म्हणजे शहरातील सर्व कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद, सुरू केली. देशातील ती पहिली. या नोंदणीच्या आधारे कर्करोगतज्ज्ञ डॉ. दाराब जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील समाजांची तुलना केली, तेव्हा पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण ठळकपणे अधिक आढळले. उशिरा लग्न आणि मोजकी अपत्ये ही त्या समाजाची वैशिष्ट्ये होती. पण समाजांतर्गत विवाहांमुळे आनुवंशिक कारणाची शक्यताही नाकारता येत नव्हती. वंश आणि राहणी एकाच घरात नांदत असल्यामुळे त्यांना वेगळे काढणे किती अवघड असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तेथे स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे अधिक निघाले.

आनुवंशिकतेचा धागाही जुना आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये आपल्या पत्नीच्या घराण्यातील कर्करोगाच्या मृत्यूंची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ प्रसिद्ध केली. तरीही इतक्या गुंतागुंतीच्या आजारामागे एखादे जनुक असू शकेल, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही अनेक शास्त्रज्ञांना पटत नव्हते. कॅलिफोर्नियातील आनुवंशिकतज्ज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी चिकाटीने कुटुंबांमागून कुटुंबे तपासली. या कुटुंबांची मांडणी त्यांनी आजार जडण्याच्या वयानुसार केली, तेव्हा कमी वयात आजार झालेल्या कुटुंबांत सतराव्या गुणसूत्रावरील (पेशीतील जनुके वाहणाऱ्या धाग्यावरील) एका भागाशी असलेले नाते उघड झाले. हे १९९० चे संशोधन २३ कुटुंबांतील १४६ रुग्णांवर आधारलेले होते. त्या भागातील बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये, तर तेराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२ पुढच्याच वर्षी हाती लागले. ही दोन्ही जनुके तुटलेला डीएनए दुरुस्त करण्यास मदत करतात; त्यांत बिघाड घेऊन जन्मलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्तर जणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत हा कर्करोग होतो. मात्र स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी असे थेट आनुवंशिक कर्करोग पाच ते दहा टक्केच असतात.

२००२ मध्ये राहणीविषयीचे पुरावे अधिक भक्कम झाले. तीस देशांतील ४७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो, असे दिसले. त्याच वर्षी अमेरिकेत, रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही संप्रेरके एकत्र घेणाऱ्या स्त्रियांवरील मोठी चाचणी धोका वाढल्यामुळे मुदतीआधी थांबवावी लागली. मद्यपान आणि रजोनिवृत्तीनंतरचा लठ्ठपणा यांचा वाटाही आता प्रस्थापित आहे. मात्र या साऱ्याला सरसकट ‘जीवनशैली’ म्हणून रुग्ण स्त्रीला बोल लावणे अन्यायाचे आहे. पाळी कोणत्या वयात आली, लग्न केव्हा ठरले, बाळंतपणानंतर कामावरून किती रजा मिळाली, हे बहुधा तिच्या हातात नसतेच.

वंश आणि राहणी यांची सांगड किंग यांच्याच २००३ मधील न्यूयॉर्कच्या अभ्यासात दिसते. बीआरसीए जनुकांत बिघाड असलेल्या ज्यू स्त्रियांपैकी १९४० पूर्वी जन्मलेल्यांना पन्नाशीपर्यंत आजार होण्याचा धोका २४ टक्के होता, तर नंतर जन्मलेल्यांना ६७ टक्के. किशोरवयात व्यायाम असलेल्या आणि लठ्ठपणा नसलेल्या स्त्रियांमध्ये आजार उशिरा उद्भवला. जनुकांतील हा बिघाड वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो. त्यामुळे डॉक्टरांनी घराण्याची माहिती विचारली तर आई-मावशीबरोबर आत्या आणि वडिलांची आई यांचाही आजार सांगायला हवा.