निर्वात उपसा, वाहनांतील वापरलेल्या द्रवांचा

वाहनातील जळके इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, पॉवर स्टिअरिंगचे तेल, क्वचित गिअर ऑइल व कूलंट हे द्रव तळाचा बोल्ट न उघडता, हवा काढून घेतलेल्या बंद भांड्यात नळीवाटे वर घेण्याची पद्धती. ठाण्यातील वागळे इस्टेट आणि नवी मुंबईत दिघ्यापासून तुर्भे-नेरूळपर्यंत पसरलेला ट्रान्स ठाणे क्रीक (टीटीसी) औद्योगिक पट्टा या भागांत गॅरेजांची व मालवाहतुकीची दाटी आहे. तेथील वापरलेल्या तेलाच्या संदर्भात या पद्धतीचा विचार येथे मुख्यतः केला आहे.

तत्त्व : भांड्यातील निर्वात स्वतः तेल ओढत नाही. चेंबरमधील (इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या कुंडातील) तेलावर बाहेरच्या हवेचा दाब (समुद्रसपाटीला सु. १०१.३ किलोपास्कल) असतो व तोच तेलाला नळीत वर ढकलतो. यासाठी उपसा सुरू करण्यापूर्वी तेल भरण्याचे झाकण सैल करून हवेला वाट द्यावी लागते. पूर्ण निर्वातात पाणी सु. १०.३ मी. चढते, तर ०.८७ घनतेचे तेल सु. ११.८ मी. चढेल. मोटारगाडीत उचल जेमतेम एक मीटर असते आणि तिला वातावरणीय दाबाच्या बाराव्या हिश्शाएवढा दाबफरक पुरतो. त्यामुळे जास्त ताकदीचा पंप घेतला की काम झटपट होते, ही समजूत अर्धीच खरी आहे.

खरी अडचण नळीच्या जाडीची व तेलाच्या दाटपणाची आहे. संथ प्रवाहात नळीतून जाणारे आकारमान त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. जी. हागेन (१८३९) व जे. एल. एम. प्वाझय (१८४० नंतर) यांनी हा नियम स्वतंत्रपणे प्रस्थापित केला. ६ मिमी. आतील व्यासाच्या नळीऐवजी ४ मिमी.ची नळी घातली की प्रवाह सु. पाचपटीने घटतो. डिपस्टिकच्या (तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीच्या) वाटेने तर बारीकच नळी जाते. एसएई ४० या दाटपणाच्या श्रेणीतील तेलाची श्यानता (दाटपणाचे माप) १०० °से.ला १२.५ ते १६.३ चौ. मिमी. प्रतिसेकंद असते, तर ४० °से.ला ती कित्येक पटींनी जास्त असते. म्हणून इंजिन काही मिनिटे चालवून, तेल गरम पण हाताळण्याजोगे असताना उपसा करतात. पारदर्शक नळीतून काळ्या तेलाची अखंड धार जात असते. ती तुटून बुडबुडे व गुडगुड आवाज येऊ लागला की चेंबर रिकामे झाले असे मानण्याचा प्रघात आहे. मात्र नळीचे टोक तळाला टेकले नसेल किंवा वळून वर आले असेल, तरी हीच लक्षणे दिसतात. नळी थोडी वर-खाली करून, फिरवून पुन्हा पाहावे लागते. निघालेले तेल मोजून उत्पादकाने दिलेल्या मापाशी ताडणे हा अधिक भरवशाचा मार्ग होय.

इतिहास : हवा उपसणाऱ्या पंपाचे श्रेय माग्देबुर्गचा नगराध्यक्ष ओटो फोन गेरिके (१६०२–८६) याला देतात. शोधाचे साल बहुतेक संदर्भग्रंथ १६५० असे छापतात, काही ठिकाणी त्याआधीचेही आढळते. रेगेन्सबुर्ग येथे १६५४ मध्ये त्याने सम्राटापुढे पंपाचे प्रयोग करून दाखविले. छापील वर्णन प्रथम कास्पार शॉट याने १६५७ मध्ये दिले, तर गेरिकेचा स्वतःचा ग्रंथ १६७२ चा आहे. हे पाहता ‘१६५४ पूर्वी’ असे म्हणणेच सावधपणाचे ठरते. दोन अर्धगोल घोड्यांकडून ओढविण्याचा प्रसिद्ध प्रयोगही पुष्कळदा १६५४ चा म्हणून सांगितला जातो. परंतु घोड्यांचा प्रयोग १६५७ मध्ये माग्देबुर्गला झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

गॅरेजांतील कॉम्प्रेसरवर चालणारी साधने मात्र गेरिकेच्या दट्ट्याच्या पंपापेक्षा दुसऱ्याच परंपरेतली आहेत. अरुंद जागेतून वेगाने जाणाऱ्या प्रवाहाचा दाब घटतो, हे जी. बी. व्हेंतूरी याने १७९७ मध्ये मांडले. दाबाखालील हवा अशा तोटीतून सोडली की ती भांड्यातील हवा आपल्याबरोबर बाहेर नेते. यात हलणारा भाग नाही व विजेची ठिणगीही नाही. टायरात हवा भरण्यासाठी कॉम्प्रेसर असतोच, त्यामुळे वेगळी मोटार घ्यावी लागत नाही. हाताने दट्ट्या मारून निर्वात करायची टाकी हा स्वस्त प्रकार होय. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पंपांत तेल पंपातूनच वाहते, म्हणून काटेकोरपणे पाहता ते या नोंदीत बसत नाहीत. बाजारात दोन्ही एकाच नावाने विकले जातात, हा भाग वेगळा.

डिपस्टिकच्या वाटेने तेल काढण्याची कल्पना मोटारींच्या कारखान्यातून आली की नौकांवरून, याबद्दल दोन तर्क संभवतात. नौकेतील इंजिनाचे चेंबर बुडाशी इतके टेकलेले असते की बोल्टखाली पसरट भांडेही सरकत नाही. तेथे हातपंपाशिवाय इलाज नसतो. त्यामुळे दुसरा तर्क येथे जवळचा मानला आहे. मोटारनिर्मात्यांनीही पुढे ही पद्धत गृहीत धरलेली दिसते : १९९८ मध्ये आलेल्या स्मार्ट या छोट्या गाडीच्या चेंबरला तळाचा बोल्टच नव्हता.

गुणदोष : चेंबर ॲल्युमिनियमचे असेल आणि बोल्ट दर वेळी जोर लावून आवळला गेला असेल, तर आटे जातात आणि तेल गळू लागते. उपशात हा धोका नाही. जॅक, रॅम्प किंवा खड्डा लागत नाही, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पेव्हर ब्लॉकवर डाग न पाडता काम उरकते. मात्र ऑइल फिल्टर खालच्या बाजूला असेल, तर गाडीखाली जावेच लागते आणि निम्मा फायदा तेथेच संपतो. तळाचा गाळ उपशाने राहून जातो, हा जुना आक्षेप आहे. गरम तेलात काजळी तरंगतच असल्याने तेल नियमित बदललेल्या इंजिनात हा आक्षेप फारसा टिकत नाही. दुर्लक्षित इंजिनात तो खरा आहे व तेथे बोल्ट उघडणेच बरे. दुचाकींना या पद्धतीची गरज सहसा पडत नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये उपशाने सगळे तेल येत नाही, कारण बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) अडकलेला राहतो. कूलंट गरम असताना निर्वात लावणे चुकीचे आहे. सु. २० किलोपास्कल दाबाला पाणी ६० °से.लाच उकळते आणि नळीत द्रवाऐवजी वाफ येते. पेट्रोल कोणत्याही साध्या उपसा यंत्राने काढू नये.

ब्रेक ऑइल : ग्लायकोलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. खाडीकाठच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक मानक प्रत) या प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० °से. असावा लागतो. ओल शोषलेल्या स्थितीत (सु. ३.७ टक्के पाणी) ही मर्यादा १५५ °से. आहे. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ व १४० आहेत. चाकाजवळच्या निपलला (ब्रेकमधील तेल व हवा सोडण्याच्या छोट्या तोटीला) पंपाची नळी लावून तेल व हवा काढतात, त्यामुळे पेडल मारायला दुसरा माणूस लागत नाही. पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडर चालकाच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे उजवीकडे असल्याने, परंपरेने सर्वांत लांबचे डावे मागचे चाक आधी घेतात. एबीएस (ब्रेक मारताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या किंवा ब्रेकच्या नळ्या समोरासमोरच्या तिरक्या चाकांना जोडलेल्या गाड्यांत उत्पादकाचा क्रमच पाळावा लागतो. निपलच्या आट्यांतून हवा शिरल्यास बुडबुडे थांबतच नाहीत व शिकाऊ कारागीर तेल वाया घालवत राहतो. आट्यांभोवती थोडे ग्रीस लावल्याने हे टळते. इंजिन ऑइलची टाकी ब्रेकसाठी कधीही वापरत नाहीत, कारण खनिज तेलाच्या अंशानेही ब्रेकची रबरी सीले फुगतात.

पुरात सापडलेली वाहने : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला आणि ठाणे-नवी मुंबईचे सखल भागही पाण्याखाली गेले. अशा वाहनात पाणी जड असल्याने चेंबरच्या तळाशी बसते. इंजिन फिरविले तर त्याचे तेलाशी मिश्रण होऊन दुधाळ चहाच्या रंगाचा द्रव तयार होतो. म्हणून सेल्फ मारण्यापूर्वीच तळापर्यंत नळी घालून उपसा करतात, नंतर स्वस्त तेल भरून पुन्हा काढतात.

विल्हेवाट : वापरलेले तेल घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ खाली येते. त्याआधी १९८९ व २००८ चे नियम होते. साठवण सर्वसाधारणपणे ९० दिवसांपर्यंतच करता येते व तेल नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे द्यावे लागते. राज्यात देखरेख महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. उत्पादक व आयातदारांवर वापरलेल्या तेलाची विस्तारित जबाबदारी (विकलेले तेल वापरानंतर पुनर्चक्रणात जाईल हे पाहण्याची) टाकणारी दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. उपशाचा येथे एक लाभ असा की तेल सुरुवातीपासून बंद भांड्यात राहते. मात्र त्यात कूलंट वा ब्रेक ऑइल मिसळले, तर पुनर्शुद्धीकरण अवघड होते. जळके तेल बांधकामातील सेंटरिंगच्या (काँक्रीट ओतण्याच्या साच्याच्या) फळ्यांना लावण्यासाठीही खपते, आणि नोंदणीकृत वाट चुकते ती बहुधा येथेच. औद्योगिक पट्ट्यातील नाले ठाणे खाडीला मिळतात. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आला.

मोडीत काढायच्या वाहनांसाठी नोंदणीकृत केंद्रांचे नियम २०२१ मध्ये आले. त्यांनुसार वाहन तोडण्यापूर्वी इंधन, तेले, कूलंट व एसीचा वायू हे सर्व वेगवेगळे काढून घ्यावे लागतात.