जुनी पेन्शन: एका तारखेमागची पार्श्वभूमी

३१ ऑक्टोबर २००५ रोजी महाराष्ट्र सरकारचा शासन निर्णय निघाला आणि दुसऱ्याच दिवशी लागू झाला. १ नोव्हेंबरपासून राज्याच्या सेवेत रुजू होणाऱ्यांना १९८२ चे निवृत्तिवेतन नियम, म्हणजे पगारातून कपात न करता ठरावीक निवृत्तिवेतन देणारी जुनी पेन्शन, नाहीत, भविष्य निर्वाह निधीचे खातेही नाही. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के कपात, सुरुवातीला तेवढीच शासनाची भर, एवढेच हाती. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून हाच मार्ग धरला होता. तिजोरीवरचा भार हे कारण तेव्हाही सांगितले गेले आणि ते खोटे नव्हते.

त्याआधी निवृत्तिवेतनाला कुणी हात लावेल, असे कर्मचाऱ्यांच्या मनात नव्हते. १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप झाला, पण त्यात पेन्शन वाचवायची वेळ नव्हती. डिसेंबर १९८२ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, असे स्पष्ट केले होते.

खरी गुंतागुंत तारखेतच आहे. जाहिरात २००५ च्या नोव्हेंबरआधीची, परीक्षा एक, निवड यादी एक. एकाला ऑक्टोबरात आदेश मिळाला. दुसऱ्याची पोलीस पडताळणी लांबली, तो नोव्हेंबरात हजर झाला. पुढे दोघे शेजारच्या टेबलांवर तेच काम करत राहिले, पण म्हातारपणाची सोय वेगवेगळी. दिरंगाई कार्यालयाची, भुर्दंड उमेदवाराला. हा अन्याय मान्य व्हायला अठरा वर्षे लागली. केंद्राने मार्च २०२३ मध्ये आपल्या अशा कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन निवडण्याचा, एकदाच वापरता येणारा पर्याय दिला. राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२४ मध्ये. राज्यात सुमारे २६ हजार जणांना त्याचा लाभ होईल, असे सांगण्यात आले. अनुदानित शाळांतले अनेक शिक्षक मात्र अडकलेलेच राहिले. त्यांची नेमणूक जुनी, पण शाळेला शंभर टक्के अनुदान २००५ नंतर आले. शासनाने अनुदानाची तारीख धरली, शिक्षकांनी नेमणुकीची, आणि प्रकरणे न्यायालयात गेली.

'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा १४ मार्च २०२३ ला राज्यभर दुमदुमली. लाखो कर्मचारी संपावर गेले, आठवडाभरात संप मागे घेतला गेला. त्याच वर्षी सेवेत असताना मरण पावलेल्यांच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतनाची वाट मोकळी झाली. तोवर ज्या घरांतला कमावता गेला, त्यांना या निवृत्तिवेतनाचा आधार नव्हता.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली आणि राज्यानेही ती लगोलग स्वीकारली. शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के रकमेची हमी आहे, पण पुरती हमी पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर. १० टक्के कपातही चालूच. राज्यात खुल्या गटाला ३८ व्या वर्षापर्यंत सेवेत येता येते आणि बहुतेकांची निवृत्ती ५८ व्या वर्षी. उशिरा लागलेल्याची पंचवीस वर्षे भरणार कशी, हा प्रश्न संघटना आता लावून धरत आहेत.