पेपर किती झाले? वैद्यकीय संशोधनाच्या मोजणीची पार्श्वभूमी

धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या वैद्यकीय महाविद्यालयात असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागलेल्या डॉक्टरला काही वर्षांत एक प्रश्न गाठतोच: पेपर किती झाले? ओपीडीत किती रुग्ण तपासले, रात्री कॅज्युअल्टीत किती जणांना हात लावला, याची नोंद रजिस्टरमध्ये राहते. प्रमोशनच्या फाइलीला पेपर, म्हणजे जर्नलमध्ये छापून आलेले संशोधन लेख, लागतात. जर्नल कोणते, ते कुठे इंडेक्स्ड आहे (म्हणजे कोणत्या सूचीत आहे), लेखकांच्या यादीत आपले नाव कितवे, हा हिशेब आता सगळ्यांच्या अंगवळणी पडला आहे. तो कुणी आणि कशासाठी सुरू केला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ते सांगायला हवे, कारण आज एकेका डॉक्टरला लावल्या जाणाऱ्या या मोजपट्ट्यांपैकी बऱ्याचशा एकट्या माणसासाठी बनलेल्याच नव्हत्या.

सुरुवात मोजणीची नव्हती, शोधण्याची होती. अमेरिकी लष्करातले सर्जन जॉन शॉ बिलिंग्ज यांच्याकडे सर्जन जनरलच्या ग्रंथालयाची जबाबदारी होती. जगभरची वैद्यकीय नियतकालिके तिथे येऊन पडत, पण एखाद्या आजारावर कुणी काय लिहिले हे सापडणे कठीण होते. 1879 मध्ये त्यांनी ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची सुरू केली. तिचाच वंश पुढे 1971 मध्ये मेडलाइनच्या आणि 1996 मध्ये पबमेडच्या रूपाने संगणकावर आला. ‘इंडेक्स्ड जर्नल’ या शब्दाला आज जे वजन आहे त्याचे मूळ इथे आहे. डॉक्टरला हवे ते वाचायला मिळावे, एवढाच त्या सूचीचा हेतू होता.

मोजणी आली ती 1917 मध्ये. इंग्लंडमधल्या रेडिंगचे प्राणिशास्त्रज्ञ एफ. जे. कोल आणि त्यांच्या सहकारी नेली ईल्स यांनी तौलनिक शरीररचनाशास्त्रावर 1543 ते 1860 या काळात प्रसिद्ध झालेले साहित्य मोजले आणि त्याचे आलेख काढले. कोणत्या देशात, कोणत्या काळात या विषयाला भरती आली आणि कधी ओहोटी लागली, हे त्यांना पाहायचे होते. या पहिल्याच अभ्यासात त्यांनी एक इशारा देऊन ठेवला. आकड्यांचा आणि योग्यतेचा संबंध असेलच असे नाही. नुसते मोजायचे ठरवले तर पन्नास किरकोळ लेख लिहिणारा माणूस रक्ताभिसरण शोधणाऱ्या विल्यम हार्वेपेक्षा मोठा ठरेल, कारण हार्वेच्या नावावर मोजक्याच दोन कृती आहेत. शंभराहून अधिक वर्षे झाली. प्रमोशनचे नियम लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी हा इशारा वाचला असेल, असा प्रश्न मला खरोखर पडतो.

त्यानंतर 1926 मध्ये आल्फ्रेड लोटका यांचा निबंध आला. लोटका विमा कंपनीत लोकसंख्येचे गणित करणारे. ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’च्या 1907 ते 1916 या दशकाच्या सूचीतून त्यांनी ‘ए’ आणि ‘बी’ने सुरू होणारी 6,891 लेखकांची नावे घेतली आणि कुणाच्या नावावर किती लेख आहेत ते मोजले. त्यातून निघाला तो व्यस्त वर्गाचा नियम. एक लेख लिहिणारे 100 असतील तर दोन लिहिणारे त्याच्या चौथा हिस्सा, म्हणजे 25. तीन लिहिणारे नववा हिस्सा, म्हणजे सुमारे 11. चार लिहिणारे जेमतेम 6. एकूण लेखकांपैकी साधारण 60 टक्के लोक एकच लेख लिहून थांबतात.

या नियमापाशी थोडे थांबायला हवे. लोटकांनी समूहाचे वर्णन केले होते. खूप लिहिणारे मूठभर आणि एकदाच लिहिणारे पुष्कळ, ही उतरंड कोणत्याही शास्त्रात, कोणत्याही देशात दिसते. म्हणजे एखाद्या महाविद्यालयात दोनतीन प्राध्यापकांच्या नावावर पेपरांचा ढीग आणि बाकीच्यांच्या नावावर एखाददुसरा, हे चित्र आळसाचा पुरावा ठरत नाही. तो त्या वितरणाचा स्वभावच आहे. सगळ्यांनी ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या संख्येने लिहिलेच पाहिजे, असा नियम करणे म्हणजे ही उतरंड हुकुमाने सपाट करू पाहणे. तसे केले की काही तरी बनावट उभे राहणारच.

नंतरचा टप्पा ग्रंथपालांचा. 1927 मध्ये अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजातले ग्रॉस आणि ग्रॉस यांनी रसायनशास्त्राच्या एका प्रमुख जर्नलमधले संदर्भ (सायटेशन), म्हणजे त्यातल्या लेखांनी उल्लेखलेले आधीचे लेख, मोजले. मर्यादित पैशात कोणती नियतकालिके घ्यावीत, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्याकडे एस. आर. रंगनाथन यांनी 1948 मध्ये ग्रंथालयाच्या कामकाजाला संख्याशास्त्र लावण्याचा विचार ‘लायब्रेमेट्री’ या नावाने मांडला. अशा मोजणीच्या शास्त्राला ‘बिब्लिओमेट्रिक्स’ हा शब्द ॲलन प्रिचर्ड यांनी 1969 मध्ये रूढ केला, त्याच्या तब्बल दोन दशके आधी.

यूजीन गारफिल्ड यांची कारकीर्दही वैद्यकीय ग्रंथालयातूनच सुरू झाली. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ते जॉन्स हॉपकिन्सच्या वेल्च मेडिकल लायब्ररीत सूचीकरणाच्या प्रकल्पावर होते. एखाद्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यांत घेतला गेला, हे सांगणारी वकिलांची एक सूची त्यांच्या पाहण्यात आली आणि तीच पद्धत शास्त्रीय लेखांना लावता येईल असे त्यांच्या लक्षात आले. 1955 मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली आणि 1960 च्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स प्रत्यक्षात आला. त्यात कोणती जर्नल्स घ्यायची हे ठरवताना इम्पॅक्ट फॅक्टर जन्मला: जर्नलमध्ये मागच्या दोन वर्षांत आलेल्या लेखांना यंदा मिळालेले संदर्भ, भागिले त्या लेखांची संख्या. हा आकडा जर्नलचा आहे. त्यातल्या एका लेखाबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण थोड्या लेखांना भरमसाट संदर्भ मिळतात आणि बाकीचे कोरडे राहतात. तरीही मुलाखतीत उमेदवाराला त्याच्या पेपरचा इम्पॅक्ट फॅक्टर विचारला जातो.

थेट माणूस मोजणारा आकडा आला 2005 मध्ये, तोही एका भौतिकशास्त्रज्ञाकडून. जॉर्ज हर्श यांचा एच-इंडेक्स: ज्याच्या 10 लेखांना प्रत्येकी किमान 10 संदर्भ मिळाले आहेत, त्याचा एच 10. समजायला सोपा, म्हणून वाऱ्यासारखा पसरला. तो कधी खाली येत नाही, वयाबरोबर वाढतो आणि मोठ्या विषयात काम करणाऱ्याला आपोआप झुकते माप देतो. हृदयविकारावर लिहिणाऱ्याला जगभर वाचक आहेत. अक्कलकुवा-धडगावच्या भिल्ल आणि पावरा मुलांमधल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर लिहिणाऱ्याला किती असतील?

लेखक मोजताना खरी मेख नावात असते आणि खान्देशात ती जास्तच टोचते. इंडेक्स मेडिकसच्या परंपरेत लेखकाचे नाव म्हणजे आडनाव आणि आद्याक्षरे. ‘पाटील एस.’ असे पबमेडमध्ये शोधून पाहा. आपल्याकडे लेवा पाटील, मराठा पाटील, गुजर पाटील, गावोगावी पाटील. त्या एका नावाखाली सर्जन, बालरोगतज्ज्ञ, बायोकेमिस्ट्रीचे प्राध्यापक आणि कर्नाटकातलेही कित्येक पाटील एकत्र येतात. चौधरी, महाजन, पवार, वळवी, पाडवी यांचे वेगळे काय? महिला डॉक्टरांचे तर लग्नानंतर आडनाव आणि मधले अक्षर दोन्ही बदलते, की आधीचे पेपर दुसऱ्याच बाईच्या नावावर असल्यासारखे दिसतात. प्रत्येक संशोधकाची स्वतंत्र ओळख पटवणारा ऑर्किड हा 16 अंकी क्रमांक 2012 मध्ये याच कारणासाठी आला. तो घ्यायला पैसे लागत नाहीत आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी प्रत्येक रेसिडेंटने घ्यावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

संस्थांचेही तेच. धुळ्याचे शासकीय महाविद्यालय कुणी श्री भाऊसाहेब हिरे यांच्या पूर्ण नावाने लिहितो, कुणी नुसते ‘जीएमसी धुळे’. जळगावचे विद्यापीठ 1990 पासून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होते; 2018 मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. दोन्ही नावे जोडून पाहिली नाहीत तर एकाच संस्थेचे काम दोन ठिकाणी विभागलेले दिसते.

शिवाय एका पेपरवर सहा लेखक असतील तर मोजायचे कसे? प्रत्येकाला पूर्ण एक द्यायचा, प्रत्येकाला एक षष्ठांश द्यायचा, की फक्त पहिल्याला द्यायचा? तिन्ही पद्धती वापरात आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगळी येतात. लेखक कुणाला म्हणावे याची व्याख्या वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने 1985 मध्ये केली. ही समिती 1978 च्या व्हँकुव्हरमधल्या बैठकीतून उभी राहिलेली. ज्याने कामात खरा वाटा उचलला आणि जो त्याची जबाबदारी घेतो तोच लेखक, हा तिचा गाभा. विभागप्रमुखांचे नाव केवळ मान म्हणून घालण्याची रीत त्यात बसत नाही.

भारतात हा सगळा इतिहास नियमाच्या रूपाने दारात आला. मेडिकल कौन्सिलने 2009 च्या सुमारास बढतीसाठी प्रकाशने आवश्यक केली. पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही परीक्षेला बसण्यापूर्वी एक पोस्टर, परिषदेत एक पेपर आणि प्रकाशनासाठी पाठवलेला एक लेख दाखवणे भाग झाले. सप्टेंबर 2015 च्या परिपत्रकाने चौकट आणखी आवळली. फक्त मूळ संशोधनाचे लेख धरायचे, फक्त पहिल्या दोन लेखकांना श्रेय द्यायचे, आणि केवळ ऑनलाइन निघणारी जर्नल्स बाद. केस रिपोर्टला, म्हणजे एखाद्या रुग्णाच्या नोंदीवरच्या लेखाला, काही किंमत उरली नाही. निधी नसलेल्या, प्रयोगशाळा तोकडी असलेल्या ठिकाणच्या डॉक्टरला स्वतःच्या निरीक्षणावर लिहिता येतो तो पहिला पेपर बहुधा केस रिपोर्टच असतो. तोच बाद झाला. नमुन्याचा आकार ठरवून सगळे विश्लेषण करून देणारा कम्युनिटी मेडिसिनचा सहकारी बहुतेकदा तिसरा असतो. तोही बाद. देशभरच्या संपादकांनी यावर टीका केली आणि 2020 मध्ये नियम सैल झाले: पहिले तीन लेखक किंवा करस्पाँडिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक), आणि केस सिरीज (अनेक रुग्णांच्या नोंदी), सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा पद्धतशीर आढावा) हेही ग्राह्य.

मधल्या काळात पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नल्सचा बाजार फोफावला. 2015 च्या एका अभ्यासाने अशा जर्नल्समध्ये 2014 या एका वर्षात जगभरातून 4 लाख 20 हजार लेख आल्याचा अंदाज दिला, आणि त्यांच्या लेखकांत भारतीयांचा वाटा मोठा होता. हा आकडा फुगलेला असल्याची टीकाही झाली. पण नियमाने मागणी निर्माण केली की पुरवठा करणारे उभे राहतात, यात मला शंका नाही.

2016 मध्ये रे, शहा आणि नंदी यांनी देशातल्या 579 वैद्यकीय संस्थांचे 2005 ते 2014 चे काम मोजले. त्यांपैकी 332 संस्थांच्या, म्हणजे 57 टक्क्यांहून अधिक संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही पेपर नव्हता. वर्षाला 100 हून अधिक पेपर देणाऱ्या संस्था होत्या 25, आणि देशाचे 40 टक्के काम त्यांचेच. हा अभ्यास झोंबणारा होता आणि झोंबायलाच हवा होता. मोजणीचा खरा उपयोग हाच: अध्यापक, खाटा, ग्रंथालय सगळे असूनही संस्था गप्प का आहे, हे विचारायला तिने जागा दिली. मात्र तो प्रश्न संस्थेला आणि शासनाला आहे. दिवसभर ओपीडी उपसणाऱ्या एकट्या लेक्चररवर तो ढकलून चालणार नाही.

संख्या आणि मोल यांची फारकत पाहायची तर डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्याकडे पाहावे. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर होणारा परिणाम बारकाईने टिपला. 1982 मध्ये ते निरीक्षण ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये आले, 1986 मध्ये तिथेच प्राझोसिन या औषधाच्या गोळीबद्दलची छोटी नोंद. पाठीशी ना मोठी संस्था ना निधी. विंचूदंशाच्या उपचारात प्राझोसिन आज सर्वत्र ओळखीचे आहे.

डिसेंबर 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि संशोधकांनी, माणसाचे मूल्यमापन जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये, अशी भूमिका घेतली. संशोधनाची मोजणी कशी वापरावी याविषयीच्या 2015 च्या लायडेन जाहीरनाम्यात दहा तत्त्वे आहेत. त्यातली दोन खान्देशाने मागून घ्यावीत अशी आहेत: संस्थेचे काम तिच्या स्वतःच्या उद्दिष्टांवर तोलावे, आणि स्थानिक प्रश्नांवरच्या चांगल्या संशोधनाला संरक्षण द्यावे. नंदुरबारचे शासकीय महाविद्यालय 2020 मध्ये सुरू झाले. सातपुड्यातल्या सिकलसेलचा, कुपोषणाचा, सर्पदंशाचा वर्षानुवर्षांचा नीट नोंदवलेला तपशील तिथून आला, तर त्याला परदेशातून संदर्भ मिळोत न मिळोत, धडगावच्या डॉक्टरला तो लागणार आहे. बढतीच्या नियमांत या कामासाठी वेगळा रकाना नाही. तो घालण्याची मागणी इथल्या अध्यापकांनी आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एकत्र करावी.