तोडायचं की छाटायचं? झाड बघावं बुंध्यापासून

मे महिना लागला की उद्यान विभागांकडे झाडांच्या तक्रारींचा ओघ सुरू होतो. त्यांत एक वाक्य हमखास असतं: झाड पोकळ झालंय, पाडून टाका. खोडात ढोली दिसली की रहिवासी घाबरतात, हे समजण्यासारखं आहे. पण वादळी पावसात मुळासकट आडवी झालेली झाडं जवळून पाहिली, तर अनेकदा खोड अखंड असतं, पानं भरगच्च असतात आणि मुळं मात्र एका बाजूने सपाट कापलेली असतात. केबलचा किंवा गटाराचा चर त्याच बाजूने गेलेला असतो. ढोलीकडे सगळ्यांचं लक्ष जातं, चराकडे कोणाचं जात नाही.

आधी ढोलीचं गणित बघू. वाऱ्याने खोड वाकतं तेव्हा सगळ्यात जास्त ताण सालीजवळच्या लाकडावर येतो, मधल्या गाभ्यावर फार थोडा. म्हणून गोल खोडातल्या पोकळीची त्रिज्या खोडाच्या त्रिज्येच्या निम्मी असेल, तर वाकण्याला तोंड देण्याची ताकद फक्त 6 टक्क्यांनी घटते. पोकळी 70 टक्क्यांवर गेली की घट 24 टक्के होते. पुढे मात्र घसरण वेगाने होते: 80 टक्क्यांना 41, 90 टक्क्यांना 66. जर्मन अभ्यासक क्लाउस माथेक यांनी उभ्या आणि मोडलेल्या झाडांची मापं घेऊन एक ठोकताळा मांडला: निरोगी भिंतीची जाडी त्रिज्येच्या साधारण 30 टक्क्यांहून कमी झाली, तर मोडण्याचा धोका वाढतो. छातीच्या उंचीवर 190 सेंटिमीटर घेर असलेलं झाड घ्या. व्यास झाला सुमारे 60 सेंटिमीटर, त्रिज्या 30. सगळीकडून 9 सेंटिमीटर घट्ट लाकूड शिल्लक असेल, तर केवळ पोकळीपायी ते तोडण्याचं कारण नाही. अर्थात हा नियम बंद नळीचा आहे. ढोलीचं तोंड घेराच्या तिसऱ्या हिश्श्याहून रुंद असेल, तर नळीची पन्हळ होते आणि हिशेब बदलतो.

भिंतीची जाडी कळण्यासाठी सुरुवातीला लाकडी हातोडी पुरते. बुंध्यापासून दीड-दोन मीटरपर्यंत, घेरावर दर वीतभर अंतरावर ठोकत जायचं. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळ जागी ढोलासारखा. ढोलीच्या तोंडातून बोथट सळई आत घालून खोली मोजायची. मोठ्या, मोलाच्या झाडासाठी बारीक सुई लाकडात शिरवून रोध मोजणारं यंत्र किंवा ध्वनिलहरींनी आतला नकाशा काढणारं यंत्र वापरतात. सुईच्या यंत्राचा वापर जपून करावा, कारण प्रत्येक छिद्र झाडाने आत उभारलेली भिंत भेदतं.

ही भिंत काय असते, ते अमेरिकन वनसेवेतल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं. आपली त्वचा भरून येते तशी झाडाची जखम भरत नाही. झाड कुजकं लाकूड रासायनिक अडथळ्यांनी कोंडून टाकतं आणि त्याबाहेर नवं लाकूड वाढवतं. म्हणून ढोलीतली कूज खरवडून सिमेंट भरणं हा घातक उपाय आहे. खरवडताना अडथळा फुटतो, कूज निरोगी लाकडात शिरते. वर झाड डोलतं आणि सिमेंट डोलत नाही, त्यामुळे दोघांच्या मधे फट पडून पाणी साचतं. कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइलपेंट फासल्यानेही कूज थांबत नाही.

आता मुळं. झाडाचा खरा निकाल इथे लागतो. झाडाला धरून ठेवणारी मुळं बहुतांशी वरच्या एक मीटर मातीत आडवी पसरलेली असतात. सर्वसाधारण संकेत असा, की खोडाच्या व्यासाच्या 12 पट अंतरापर्यंतचं वर्तुळ जपावं आणि तिपटीच्या आत मुळं कापली गेली असतील, तर झाडाच्या स्थैर्याबद्दलच शंका घ्यावी. आपल्या 60 सेंटिमीटर व्यासाच्या झाडासाठी ही अंतरं 7.2 मीटर आणि 1.8 मीटर. फूटपाथवरच्या झाडाला 7 मीटर कुठून मिळणार? पण 1.8 मीटरच्या आत चर खणू न देणं शक्य असतं. बुंध्याभोवती आवळलेलं काँक्रीट दुहेरी नुकसान करतं: मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि आत काय कुजतंय ते दिसत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. पाहणी करायची तर तेवढी जागा मोकळी लागतेच.

बुंध्याशी तीन गोष्टी शोधाव्यात. एक, फळीसारखी कडक आळंबी. कोकणात फणसाच्या खोडावर येणारा फणसांबा ओळखीचा आहे, त्याच्याच जातकुळीतली. खोडावर उंच दिसली तर तपासणी पुरे, पण बुंध्याशी किंवा मुळांवर दिसली तर आधाराची मुळं कुजत असण्याची शक्यता मोठी. दोन, मातीतली भेग. झाड कललेलं आहे, पण शेंडा पुन्हा सरळ वर वळलाय, तर ते वर्षानुवर्षं तसंच वाढलंय, घाबरू नये. सगळं खोड काठीसारखं सरळ तिरकं झालंय आणि कलाच्या विरुद्ध बाजूची माती उचलली गेलीय, तर झाड आत्ता पडतंय. तिथे छाटणीचा विचारही नको; त्याच दिवशी रस्ता बंद करावा. तीन, बुंध्याला खालपर्यंत गेलेली उभी चीर.

वरच्या भागात दुबेळकं बघावं. दोन जाड फांद्या इंग्रजी यू अक्षरासारख्या जुळल्या असतील तर जोड पक्का. व्हीसारख्या चिंचोळ्या असतील आणि मधे साल दबलेली असेल, तर तिथे लाकूड लाकडाला जुळलेलंच नसतं. अशा वेळी एका फांदीची लांबी कमी करून भार उतरवता येतो.

झाडाइतकंच महत्त्वाचं आहे त्याच्या खाली काय आहे ते. मैदानाच्या कोपऱ्यातली वाळकी फांदी आणि शाळेच्या फाटकावरची वाळकी फांदी यांचा धोका एक नाही. कित्येकदा बाकडं, घसरगुंडी किंवा रिक्षा थांबा दहा मीटर हलवला, तर करवतीची गरजच उरत नाही. हा पर्याय कागदावर फार क्वचित येतो, याचं वाईट वाटतं.

छाटणी ठरली, तर ती कशी होते यावर पुढची वीस वर्षं ठरतात. जाड फांदी तीन कापांत काढतात. खोडापासून फूटभर अंतरावर खालून, फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पहिला काप. त्याच्या थोडं पुढे वरून दुसरा. फांदी साल न सोलता खाली येते. उरलेलं थोटूक मग फांदीच्या मुळाशी फुगीर कडं असतं, त्याच्या अगदी बाहेरून कापायचं. कडं कापलं तर खोडात कूज शिरते; थोटूक ठेवलं तर ते वाळून कुजतं. फांदी आखूड करताना काप अशा उपफांदीशी घ्यावा, जिची जाडी मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश आहे. एका हंगामात पाव भागाहून जास्त पालवी काढू नये. म्हाताऱ्या झाडाची त्याहून बरीच कमी. वीजवाहिन्यांजवळ आधी वीजपुरवठा बंद.

सगळ्यात वाईट छाटणी म्हणजे झाडाचा वरून सरसकट मुंडा करणं. गुलमोहर, सोनमोहर, वर्षावृक्ष यांची अशी बोडकी झाडं वर्षभरात झुपक्याने फुटतात. पण हे फुटवे सालीखालून आलेले, फक्त बाहेरच्या थराला चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांत ते मनगटाएवढे होतात, खालचं थोटूक कुजलेलं असतं, आणि धोका कमी करायला केलेलं कामच नवा धोका होऊन बसतं. एकाच बाजूच्या फांद्या रस्त्यासाठी उतरवल्या, तरी तोल जातो.

वडाची गोष्ट निराळी. त्याच्या जमिनीत रुजलेल्या पारंब्या हे खांबच आहेत. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वटवृक्षाचं मुख्य खोड बुरशीमुळे 1925 मध्ये काढावं लागलं, झाड मात्र पारंब्यांवर आजही उभं आहे. आपल्या रस्त्यांवर वाहनांना लागतात म्हणून पारंब्या कापल्या जातात. त्याऐवजी दोन-तीन पारंब्या पाइपातून जमिनीपर्यंत नेल्या, तर वडाला आधार मिळतो. नारळाचं उलट: वाढीचा कोंब एकच, तो मेला की माड मेला. शेंडा झडलेला माड उतरवणं हाच मार्ग.

महाराष्ट्रातल्या शहरांत तोडणी आणि छाटणी दोन्ही 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली येतात. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावणं बंधनकारक केलं. अर्जासोबत बुंध्याचे चारही बाजूंचे फोटो, घेर, ढोलीची मापं आणि चराचं अंतर जोडावं. चढण्यापूर्वी घरटी बघावीत. तांबट, पोपट आणि पिंगळे ढोल्यांत वीण घालतात, आणि उन्हाळा हाच अनेकांचा वीणकाळ. वाळलेलं झाड उद्यानाच्या निर्जन भागात असेल, तर फांद्या उतरवून तीन-चार मीटरचं खोड या पक्ष्यांसाठी उभं ठेवता येतं. बुंध्याशी आळंबी असलेल्या झाडाबाबत मात्र हा मोह टाळावा. जे झाड ठेवलं, त्याची तारखेसकट नोंद करून पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा हातोडी घेऊन जावं, आणि मधे मोठं वादळ येऊन गेलं, तर त्याच आठवड्यात.